खोकं आपलं, चासी विलायती

जुनी बंद खोक्याची गाडी घरी दुरुस्त करतोय म्हटलं की मित्र आधी रंग कोणता देणार ते विचारतात. मंडळी, खरा इतिहास खाली असतो, चासीत!

आमचं हिंगोली पूर्वी निजामाच्या राज्यात. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. त्या काळी ट्रक-बस बरेचदा नुसती चासी आणि इंजिन एवढीच विकली जायची. वरचं लाकडी खोकं इथले सुतार-लोहार बांधायचे. पुढे एसटीनेही दापोडी, चिकलठाण्याच्या कार्यशाळांत चासीवर आपली बॉडी चढवली. खोकं कुजलं की नवं यायचं, चासी तीच. गाडीचा नंबरही तिच्यावरच ठोकलेला.

वाड्यातल्या आमच्या बेडफर्डचा सांगाडा उघडा केला तेव्हा मिस्त्रींशी वाद झाला तो यावरूनच. (सांगाडा म्हणजे दोन लांब चॅनेल, मध्ये आडव्या पट्ट्या, सगळं रिव्हेटने जोडलेलं.) गंज नेमका जोडाच्या फटीत. मिस्त्री म्हणाले, "रिव्हेट काढून टाका की साहेब, वेल्डिंग मारून देतो, हत्तीसारखी व्हती का नाही बघा." पण खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते. रिव्हेटचा जोड थोडं सोसून घेतो, वेल्डिंगच्या शेजारी मात्र तडा जातो. शेवटी नवे रिव्हेट लालबुंद तापवून ठोकले, दोन रविवार त्यातच गेले. नंबरावर ग्राइंडर काही मी फिरवू दिला नाही. तेवढा भाग हातानेच, पितळी ब्रशने घासला.

सध्या रेड ऑक्साइड वाळतोय, आणि खोकं सागाचं की बाभळीचं यावर घरात जुंपलीये.