गुडघ्यावरची हातोडी

डॉक्टरांच्या टेबलावर दिसणारी रबरी डोक्याची छोटी हातोडी मुळात चेतासंस्थेसाठी घडलेलीच नव्हती. तिचं कूळ ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात, एका खाणावळवाल्याच्या घरी निघतं. त्या घरात १७२२ साली लिओपोल्ड औएनब्रुगर जन्मला. वाइनचं पिंप कुठवर भरलंय हे टकटक करून ओळखायची तिथली रीत; पुढे व्हिएन्नात डॉक्टरकी करताना तीच त्यानं रुग्णांच्या छातीवर वापरली, असं सांगतात. १७६१ मध्ये त्यानं यावर लॅटिनमध्ये छोटं पुस्तक काढलं. फारसं कुणी विचारलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिसार यांनी ते फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा कुठे युरोपभर छात्या ठोकून पाहायला सुरुवात झाली. बोटं दुखू नयेत आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून लवकरच हातोड्या निघाल्या.

गुडघ्याशी तिची गाठ पडली १८७५ मध्ये. हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांचे दोन लेख एकाच जर्मन नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. विषय तोच: पाय सैल सोडून वाटीच्या खाली ठोका दिला की पाय पुढे उडतो. मात्र कारणाबद्दल दोघांचं जमेना. एर्ब म्हणाले, ही मेरुरज्जूतून येणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वेस्टफाल म्हणाले, नाही, ताणलेला स्नायू स्वतःच आखडतो. मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत यायला इतका कमी वेळ पुरायचा नाही. हा आक्षेप कच्चा नव्हता. वेळ अचूक मोजणारी विजेवरची उपकरणं यायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि एर्ब बरोबर ठरले.

त्या ठोक्यानं घडतं ते असं. वाटीखालची कंडरा दबते आणि मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत ताण ओळखणारी सूक्ष्म ग्राहकं असतात. ती जागी होतात. तिथून निघालेला संदेश संवेदी चेतापेशीच्या लांब तंतूवरून धावत मेरुरज्जूच्या कमरेकडच्या भागात शिरतो, तोही मागच्या मुळातून. आत येणारं मागून आणि बाहेर जाणारं पुढून, हा नियम फ्रान्सच्या मॅजांदी यांनी १८२२ मध्येच प्रयोगानं दाखवला होता. आत गेल्यावर ही पेशी थेट प्रेरक चेतापेशीपाशी पोचते. दोघींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. ती रसायनानं ओलांडली जाते. प्रेरक पेशीचा संदेश पुढच्या मुळातून त्याच स्नायूकडे परततो आणि स्नायू आकुंचन पावतो. त्याच वेळी मधली एक छोटी पेशी मांडीच्या मागच्या स्नायूला थोपवून धरते, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकींविरुद्ध ओढत राहतील. ठोका आणि स्नायूचा प्रतिसाद यांत जातो सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. मेंदूला कळतं ते नंतर.

याचा अर्थ मेंदू यात नसतोच असा मात्र नाही. वरून येणारे तंतू या मंडलाला सतत आवरून असतात. म्हणून पक्षाघातात किंवा मेरुरज्जूला वरच्या बाजूला इजा झाली तर काही काळानं पाय जास्तच जोरात उडू लागतो. खालच्या मंडलातलाच धागा तुटला, तर झटका मंदावतो किंवा नाहीसा होतो. जुन्या उपदंशात मेरुरज्जूची मागची मुळं झिजतात तेव्हा गुडघा गप्प होतो, हे वेस्टफाल यांनीच १८७८ मध्ये नोंदवलं. कारणाबाबत चुकलेल्या माणसानंच या तपासणीला रोगनिदानात मानाची जागा मिळवून दिली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

इतकं झालं तरी डॉक्टर अजून तळहाताची कड किंवा छातीची जुनी हातोडीच वापरत. खास याच कामासाठी त्रिकोणी रबरी डोक्याची हातोडी १८८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन मॅडिसन टेलर यांनी तयार केली. आपल्याला सगळ्यांत ओळखीची तीच. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या चेतारोग रुग्णालयातली मात्र एका परिचारिकेनं घडवली. मिस विंटल यांनी १९२५च्या सुमारास गोल चकतीभोवती रबरी कडं बसवलं, बांबूची लांब छडी लावली आणि अशा हातोड्या त्या निवासी डॉक्टरांना विकत. वैद्यकाच्या इतिहासात परिचारिकेच्या हाताचं काम इतकं ठळक टिकल्याची उदाहरणं थोडी आहेत. त्यांचं नाव प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं.

आज एमआरआयमध्ये मेरुरज्जूचं चित्र दिसतं. पण चित्र रचना दाखवतं. मंडल चालू आहे की नाही हे ठोका सांगतो, तेही वीज नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. मधुमेहात पायाच्या लांब चेता आधी बिघडतात आणि घोट्याच्या मागचा झटका मंदावतो, अनेकदा रुग्णाला काही जाणवण्याआधीच. वयानंही तो कमी होतो, म्हणून अर्थ डॉक्टरांनीच लावायचा. तुम्हाला मधुमेह असेल, तर वर्षातून एकदा चपला-मोजे काढून पायांची तपासणी करून घ्या, आणि डॉक्टर विसरले तर घोट्याचं तुम्हीच विचारा.