पंतप्रतिनिधी

मराठी राज्यातील छत्रपतींखालोखालचे मानाचे पद. पुढे औंधच्या राजघराण्याची वंशपरंपरागत पदवी आणि आडनावही. ‘प्रतिनिधी’ म्हणजे राजाच्या जागी राहून त्याच्या अधिकाराने कारभार पाहणारा. आधीचे ‘पंत’ हे आदरार्थी असून पंत अमात्य, पंत सचिव या नावांतही ते दिसते.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत हे पद नव्हते. ते संकटात निर्माण झाले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीला जावे लागले. त्या बिकट प्रवासात सोबत असलेले प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधी. शिवकालीन न्यायाधीश निराजी रावजी यांचे ते पुत्र. इकडे महाराष्ट्रात राहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकुमतपनाह’ हा किताब आणि इकडच्या कारभाराचे अधिकार मिळाले. दोन्ही नेमणुका एकत्र पाहिल्या म्हणजे त्या काळाची निकड उमगते: राजधानी गेली तरी राजाचा अधिकार खंडित होऊ द्यायचा नव्हता. पद उभे राहिले ते या गरजेतून. त्याला केवळ शोभेचा किताब मानणे अन्यायाचे आहे.

औंध घराण्याचा उदय किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्यापासून. पन्हाळा परत घेणारे हे पराक्रमी गृहस्थ राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांच्या पक्षाचे आधारस्तंभ होते. गादीसाठी ताराबाईंशी झगडणाऱ्या शाहू महाराजांनी त्यांना आधी कैदेत ठेवले, पण नंतर प्रतिनिधिपद दिले. त्यांचे पुत्र श्रीपतराव हे शाहूदरबारात पेशवे बाजीरावांचे प्रमुख विरोधक. उत्तरेकडील स्वाऱ्यांपूर्वी घरची घडी बसवावी, असे त्यांचे मत. बाजीरावांच्या विजयांपुढे ते झाकोळले, तरी त्यामागे राज्याची काळजी होती, हे नाकारता येत नाही. परशुरामपंतांचे दुसरे पुत्र कृष्णाजी कोल्हापूरच्या छत्रपतींकडे गेले. विशाळगडचे प्रतिनिधी त्यांच्या शाखेतले. छत्रपती आणि पेशवे यांच्यातील १७५० च्या सांगोला करारानंतर सत्ता पेशव्यांकडे एकवटली. प्रतिनिधींकडे मान आणि जहागीर उरली.

इंग्रजी अमलात औंध हे संस्थान झाले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकार भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींकडे सोपवला. संस्थानिकाने आपणहून सत्ता सोडण्याची अशी उदाहरणे फार थोडी. १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.