गर्दीच्या वाटेवरून थोडे बाजूला

शिर्डीला गुरुवारी जाऊ नये आणि शिंगणापूरला शनिवारी किंवा अमावस्येला जाऊ नये, हे आम्ही नगरचे लोक पाहुण्यांना न विचारताच सांगून टाकतो. पाहुणे ऐकत नाहीत. गुरुवारी साईबाबांचे दर्शन, शनिवारी शनीला तेल, आणि दोन्ही रांगांत उभे राहून पायांचे तुकडे पडल्यावर ते आमच्याकडे चहाला येतात. मग हमखास विचारतात, "तुमच्या नगरात पाहण्यासारखे काही आहे का हो?"

हा प्रश्न ऐकला की आम्ही थोडे खजील होतो. पाहण्यासारखे इतके आहे की कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, आणि खजील अशासाठी की त्यातले निम्मे आम्हीही शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलेले नसते. जिल्ह्याचे आणि शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. बोलण्यात ते पूर्वीही नुसते 'नगर' होते आणि आजही नगरच आहे, म्हणून येथे आम्ही तोच शब्द वापरतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्रांनी ठरवले की आपणच आपल्या गावचे पाहुणे व्हायचे. मंगळवार-बुधवारी, सकाळी फजरनंतर लगेच निघायचे आणि ऊन तापायच्या आत परतायचे. गर्दी टाळण्याचा वेगळा काही उपाय करावा लागला नाही. गर्दी तिथे नव्हतीच.

पहिल्या दिवशी फराहबाग. सोलापूर रस्त्याने शहराबाहेर पडून आत वळले की एका कोरड्या चौकोनी तलावाच्या मधोमध ही अष्टकोनी, दुमजली वास्तू उभी दिसते. मध्ये प्रचंड घुमटाचे दालन आणि भोवती कमानींवर कमानी. गिलावा जागोजाग निखळला आहे. हवा मात्र अशी खेळते की बाहेर ऊन असले तरी आत अंगावर शाल ओढावीशी वाटते. भोवती पाणी असताना येथे काय गारवा असेल! १५८३ च्या सुमारास ही इमारत पुरी झाली. गादीवर तेव्हा मुर्तजा निजामशाह होता, निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा पणतू.

हा मुर्तजा मोठा विलक्षण माणूस. इतिहासात त्याला 'दिवाना' हे टोपणनाव चिकटले आहे. बाप हुसेन निजामशाह तालिकोटच्या रणावर १५६५ मध्ये विजयी झालेल्या सुलतानांपैकी एक. मुलाला माणसांचाच कंटाळा. दरबार सोडून तो वर्षानुवर्षे बागांतून एकांतात राहिला. वजीर, सरदार, बायकामुले कुणालाही सहसा भेटत नसे. हुकूम लेखी जात आणि अर्ज लेखी येत. गर्दी टाळून प्रेक्षणीय स्थळी राहण्याचा छंद आमच्या गावात सव्वाचारशे वर्षांपूर्वीच असा पुरा करून झाला आहे, आणि त्याची किंमतही मोजून झाली आहे. १५८८ मध्ये सख्ख्या मुलाने, मिरान हुसेनने, त्याला हमामखान्यात कोंडून, आग पेटवून, गुदमरवून मारले. त्या वेळी राजाच्या पहाऱ्यावर एक तरुण होता. मारेकऱ्यांच्या तावडीतून तो वाचला, कारण मिरान हुसेनने त्याला ओळखले; तरुणाचा बाप राजपुत्राचा शिक्षक होता. हा तरुण म्हणजे मुहंमद कासिम फरिश्ता. पुढे विजापूरला जाऊन त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. तो त्या दिवशी वाचला नसता तर निजामशाहीची बरीचशी हकीकत आपल्याला मिळालीच नसती.

फराहबाग पाहून ताजमहालाचा नकाशा सुचला, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. आम्हाला ते पटत नाही. आठ कोनांची, मध्ये घुमट आणि भोवती आठ दालने असलेली ही रचना इराण-तुराणकडून आलेली. तिला 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्ग, असे नाव आहे. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा तिचाच, ताजही तिचाच. एकाच आजीची ही नातवंडे. त्यांत कोण कुणासारखे दिसते यावर भांडण्यात अर्थ नाही. नगरच्या उत्तरेला सावेडीच्या बाजूस 'हश्त बिहिश्त' याच नावाची बाग होती. तिच्यातही तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल होता. आज त्याचे भग्नावशेष उरलेत. ताज पाहायला गेलात तर २०१८ पासून तिकिटावर तीन तासांची मुदत असते. फराहबागेत आम्ही साडेतीन तास होतो आणि तेवढ्या वेळात आमच्याखेरीज एक म्हातारबा आणि त्यांच्या शेळ्या, एवढेच आले.

दुसऱ्या दिवशी शाह डोंगर. पाथर्डी रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर गेले की डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत लांबूनच दिसते. कुणालाही विचारा, उत्तर एकच : "चांदबीबीचा महाल." तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. जिवंतपणीच त्याने ती बांधायला काढली आणि ती पुरी व्हायची राहून गेली. खाली तळघरात दोन कबरी आहेत. कठडे नसलेल्या कमानींतून वारा इतका जोराने येतो की बोललेले शेजारच्याला ऐकू येत नाही. वरून पावसाळ्यानंतरचा मुलूख पाहावा. नगर शहर, भिंगार आणि तळ्यांचे चकाकणारे तुकडे असे सगळे एका नजरेत येते.

सलाबतखानाबद्दल आम्हाला जरा जास्त लिहावेसे वाटते. राजा बागेत बसला असताना राज्य चालवले ते याने. रस्ते, पाणी, बागा ही कामे त्याच्या नावावर आहेत. जवळचा भातोडीचा तलाव त्यानेच बांधला असे सांगतात. १६२४ मध्ये त्याच भातोडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला पाणी पाजले, आणि तेही अक्षरशः, तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल करून. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तेथेच पडले. या भावांच्या नावांची कथा बखरींत आली आहे. मालोजीराजांना मूल नव्हते, त्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलगे झाल्यावर शहाजी व शरीफजी अशी नावे ठेवली. शाह शरीफांचा दर्गा शहराजवळ दर्गादायरा येथे आहे. शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या नावात आमच्या गावचा एक पीर आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यातही सापडत नाही.

तर सलाबतखान. मुर्तजाने त्यालाही शेवटी कैदेत घातले. १५८९ मध्ये तो वारला. आणि त्याच्या कबरीला चांदबीबीचे नाव लागले. कसे लागले, याचा आम्ही त्या वाऱ्यात बसून बराच खल केला. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे, की लोकांना राज्यकारभार लक्षात राहत नाही, शौर्य राहते. चांदबीबी हुसेन निजामशाहची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशाहची विधवा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा दिला तेव्हा सुरुंगाने तट फुटला. ती बुरखा घेऊन, हाती तलवार धरून खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला. वऱ्हाड देऊन तिला तह करावा लागला, पण किल्ला राहिला. १६०० मध्ये ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. तिने शत्रूशी संधान बांधल्याची अफवा कुणीतरी उठवली होती. मग किल्ला पडला. गावाने जिला मारले तिला पुढे गावाने एक डोंगर बहाल केला, आणि तो दुसऱ्याच्या मालकीचा होता एवढेच!

त्या भिंतींवर मात्र आता दोघांचेही नाव दिसत नाही. बदामाच्या आकारात कोरलेली, अलीकडच्या प्रेमवीरांची नावे दिसतात. त्यांत आमच्या मोहल्ल्यातलीही आडनावे आढळली, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. वास्तू ओस पडल्या म्हणून आम्ही परिषदांतून गळा काढतो. एका दगडी शिलालेखाचा मजकूर मात्र आम्हा चौघांपैकी एकालाच, तोही अडखळत, वाचता आला. फारसी आमच्या घरांतून आजोबांबरोबर गेली.

रविवारी शाह डोंगरावर जाऊ नका. तेवढा एक दिवस तिथे गाड्या लागतात आणि वर गाणी वाजतात. बाकी सहा दिवस तो तुमचाच.

दमडी मशीद किल्ल्याच्या पूर्वेला आहे. मैदानाच्या कडेला एवढीशी दिसते, म्हणून लोक न थांबता पुढे जातात. किल्ल्याचे दगडी बांधकाम हुसेन निजामशाहने १५५९ मध्ये सुरू केले होते. त्यावर राबणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून ही मशीद झाली, अशी कथा आहे. साहिरखान नावाच्या सरदाराने १५६७-६८ च्या सुमारास ती बांधवली. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' म्हणणाऱ्या जगात ज्यांची चमडी रोजच जात होती त्यांनी दमडीही दिली. दगडावरील नक्षी अशी की लाकूड कोरावे तशी. पंज्याएवढ्या जागेत वेल, फूल, अक्षर सगळे सामावले आहे. कथा खरी असो वा नसो, ज्या हातांनी हे कोरले ते हात मजुरांचेच होते, यात वाद नाही.

सीना नदीकाठच्या बागरौजाविषयी थोडक्यात. शहर वसवणारा मलिक अहमद तेथे काळ्या दगडाच्या घुमटाखाली विसावला आहे. १४९० मध्ये याच परिसरात त्याने बहामनी फौज हरवली आणि १४९४ मध्ये त्याच रणाजवळ शहराचा पाया घातला. त्याचा बाप मलिक हसन पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असे फरिश्ता लिहितो. रौजाच्या आवारात एका हत्तीची कबर दाखवतात : गुलामअली, ज्याने तालिकोटला रामरायाला पकडले म्हणे. मुलांना न्यायचे तर येथे न्यावे. हत्तीची कबर पाहिल्यावर ती राजाचीही पाहतात. औरंगजेबाने १७०७ मध्ये प्राण सोडला ती भिंगारजवळची जागा आणि पुढे श्रीगोंद्याला 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या संत शेख महंमदांची समाधी, ही ठिकाणे एका सकाळीत उरकू नयेत. त्यांसाठी पुन्हा निघावे. शेख महंमदांवर तर आपल्या वार्षिकात स्वतंत्रच लिहावे लागेल.

एक गर्दी मात्र टाळू नये असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. बुऱ्हाण निजामशाहने शाह ताहिर या विद्वानासाठी १५३७ च्या सुमारास उभारलेला कोटला, ज्याला गावात 'कोठला' म्हणतात, तेथे मोहरमला नगर लोटते. सवारीखाली नवस बोलणाऱ्यांत, मलिदा वाटणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा हे कपड्यांवरून सांगता येत नाही. वर्षभर ओस असलेले ते विस्तीर्ण आवार 'कत्तलच्या रात्री' पाय ठेवायला जागा देत नाही. तिथे चेंगरूनच उभे राहावे.

किल्ला आम्ही शेवटासाठी ठेवला होता. तो लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे. कोरडा खंदक ओलांडून आत गेले की नेत्यांना ठेवलेल्या खोल्या लागतात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडून काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना येथे आणले. नेहरूंनी १९४४ मध्ये येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे फलकामुळे सर्वांना ठाऊक आहे. मौलाना आझादांनी याच आवारात 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली, हे फार थोड्यांना ठाऊक. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला लिहिलेली ती पत्रे टपालात पडलीच नाहीत. १९४६ मध्ये पुस्तक होऊन बाहेर आली. पहाटेचा चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या, वाफ्यातली फुले असे त्यांत सगळे आहे. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजारपणात भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला मौलानांनी नकार दिला होता. बातमी त्यांना याच तटाच्या आत कळली.

त्यानंतरच्या पत्राच्या शेवटी ते आवारातल्या एका जुन्या कबरीबद्दल लिहितात. कबर कुणाची ते कुणालाच माहीत नव्हते. येता-जाता शेकडो वेळा ती त्यांनी पाहिली होती, पण त्या दिवसापासून तिच्याविषयी एक वेगळाच जिव्हाळा वाटू लागला, आणि भावाच्या मृत्यूवर शोक करणारा एक जुना अरबी कवी त्यांना आठवला.

आम्ही ती कबर शोधली. बंदोबस्तावरच्या जवानाला विचारले. तो बिहारकडचा होता, बोलायला मोकळा. नेत्यांच्या खोल्या त्याने दाखवल्या, नेहरूंची खोली कोणती तेही सांगितले. कबरीचे विचारताच त्याने आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "किसकी कबर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मौलानांनाही ते माहीत नव्हते, हे त्याला कसे समजावणार? आमच्यातल्या वयाने वडील मित्राने तिथेच, खोल्यांकडे तोंड करून, हात उचलून फातिहा म्हटली. जवान बूट जुळवून शांत उभा राहिला. मग त्याने घड्याळ दाखवले.