‘इ-२९’ पाणबुडीची प्रतिकृति : साधनें, घडण व लेखपट्टी

लांकडाची प्रतिकृति हा इतिहाससंशोधनाचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न आमच्या कांहीं स्नेह्यांनीं केला आहे. पोथ्या, नाणीं, ताम्रपट व जुने कागद यांच्या संगतींत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस दुसऱ्या महायुद्धांतील एका जपानी पाणबुडीचा नमुना हा पोरखेळ वाटल्यास नवल नाहीं. परंतु किनवट येथें अशी एक प्रतिकृति सागवानांत घडवितांना आम्हांस जी साधनचिकित्सा करावी लागली, ती हस्तलिखितांच्या चिकित्सेहून वेगळी नव्हती. आणि काम पुरें झाल्यावर तिच्याखालीं लावावयाच्या चार ओळींच्या लेखपट्टीविषयीं जो निर्णय घ्यावा लागला, तो तर प्रत्येक संपादकास केव्हां तरी घ्यावाच लागतो. सबब हा सर्व प्रकार संशोधकांपुढें मांडीत आहों.

१. नांव व कुळ

इंग्रजी ग्रंथांवरून या पाणबुडीस ‘आय-२९’ म्हणण्याचा परिपाठ आपल्याकडे पडला आहे. तो मूळास धरून नाहीं. जपानी आरमार आपल्या मोठ्या पाणबुड्यांस ‘इ’, मध्यमांस ‘रो’ व लहानांस ‘हा’ हीं अक्षरें लावीत असे. हा क्रम ‘इरोहा’ नांवाच्या जुन्या जपानी पद्याचा होय. त्या पद्यांत वर्णमालेंतील प्रत्येक अक्षर एकदांच येतें, आणि आपण जेथें क, ख, ग लावितों तेथें जपानी लोक हा क्रम लावीत. संसारांतील सर्व कांहीं अनित्य आहे हा बौद्ध विचार त्या पद्याचा विषय आहे, हें संस्कृतज्ञांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तात्पर्य, येथील ‘इ’ इंग्रजी वर्ण नसून जपानी अक्षर आहे व ‘इ-२९’ हाच शुद्ध पाठ मानला पाहिजे.

ही पाणबुडी योकोसुका येथील सरकारी गोदींत बांधली गेली व ता. २७ फेब्रुवारी १९४२ रोजीं आरमारांत दाखल झाली. तिच्या वर्गास ‘बी-१’ असें म्हणतात. या वर्गाच्या एकंदर २० पाणबुड्या निरनिराळ्या गोद्यांत तयार झाल्या. त्यांपैकीं युद्धसमाप्तीच्या वेळीं एक इ-३६ काय ती शिल्लक होती, व तीहि अमेरिकन आरमारानें १९४६ सालीं समुद्रांत बुडविली. म्हणजे आज मूळ प्रत नाहीं, आणि त्याच कुळांतील दुसरी प्रतहि नाहीं.

आम्हीं हीच पाणबुडी कां निवडली हें सांगितलें पाहिजे. नेताजी सुभाषचंद्र बोस ता. ९ फेब्रुवारी १९४३ रोजीं जर्मनीच्या कील बंदरांतून ‘यू-१८०’ या पाणबुडींतून निघाले. पेनांगहून इ-२९ त्यांस घेण्यास निघाली. मादागास्करच्या आग्नेयेस दोघींची गांठ पडली. परंतु समुद्र खवळलेला असल्यामुळें तत्काळ उतरतां येईना. शेवटीं ता. २८ एप्रिल १९४३ रोजीं, म्हणजे शके १८६५ च्या चैत्रांत, नेताजी रबरी तराफ्यांतून इ-२९ वर आले. त्यांच्यासमवेत एकच भारतीय होता. तो म्हणजे हैदराबादचे आबिद हसन. त्या काळीं किनवट हा निजामी राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यांतील तालुका होता. नांदेड जिल्ह्यांत तो १९५६ सालीं आला. त्या नात्यानें तराफ्यांत नेताजींच्या शेजारीं बसलेला गृहस्थ आमच्याच राज्याचा, ही गोष्ट या बाजूच्या लोकांस विशेष जवळची वाटते. मे महिन्याच्या आरंभीं ते दोघे सुमात्रानजीकच्या साबांग बेटावर उतरले व तेथून विमानानें तोकियोस गेले.

२. साधनें व त्यांची प्रतवारी

प्रतिकृतीचीं साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार आंकड्यांचा. लांबी १०८.७ मीटर, रुंदी ९.३ मीटर, पाण्यांतील बूड सुमारें ५.१ मीटर, पृष्ठभागावरील वेग २३.६ नॉट, पाण्याखालीं ८ नॉट. नाळेकडे पाणतीर सोडण्याच्या सहा नळ्या व सोबत १७ पाणतीर. मनोऱ्यामागें १४ सेंटिमीटर व्यासाची एक तोफ. विमानविरोधी २५ मिलिमीटरची जोडतोफ. मनोऱ्यापुढें एका लहान विमानाची बंदिस्त कोठी व तिच्यापुढें विमान फेंकण्याचा रूळमार्ग. या आंकड्यांत फारसा पाठभेद नाहीं.

दुसरा प्रकार आराखड्यांचा. शरणागतीच्या वेळीं जपानी आरमारानें आपले पुष्कळसे कागद जाळले. जें उरलें तें व अमेरिकन आरमाराच्या तज्ज्ञांनीं युद्धानंतर जपानांत जाऊन जें टिपून घेतलें तें, एवढ्यावरच पुढील सर्व आराखडे उभे आहेत. ते बहुधा वर्गाचे असतात, विवक्षित पाणबुडीचे नसतात. त्यांचा दर्जा एका घराण्याच्या अनेक पोथ्यांवरून सिद्ध केलेल्या सामान्य पाठासारखा समजावा.

तिसरा प्रकार छायाचित्रांचा, आणि खरी सावधगिरी येथेंच हवी. युद्धकाळांत तीन जपानी पाणबुड्या फ्रान्सच्या किनाऱ्यास पोंचल्या : इ-३० ऑगस्ट १९४२ त लोरियाँ येथें, इ-८ ऑगस्ट १९४३ त ब्रेस्त येथें, व आमची इ-२९ मार्च १९४४ त पुन्हां लोरियाँ येथें. इ-८ ची बांधणी अगदीं भिन्न. तिच्या विमानाचा रूळमार्ग मनोऱ्याच्या मागें आहे, त्यामुळें तिचें चित्र ओळखण्यास अडचण पडत नाहीं. परंतु इ-३० ही इ-२९ चीच सख्खी बहीण, आणि बंदरहि तेंच. चित्राखालीं केवळ ‘लोरियाँ, जपानी पाणबुडी’ एवढेंच लिहिलेलें असेल, तर तिथिनिश्चय झाल्यावांचून तें कोणत्याहि पक्षीं प्रमाण धरूं नये. पुष्पिका नसलेल्या पोथीस वाटेल त्या शतकांत बसविणाऱ्यांनीं काय घोटाळे केले आहेत, हें वाचकांस सांगणें नको.

३. मान व घडण

आम्हीं एकास शंभर हें मान धरलें. त्यांत मूळचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतींतील एक सेंटिमीटर, म्हणून हिशेब तोंडीं होतो व चूक तत्काळ दिसते. पाणबुडी १०८.७ सेंटिमीटर लांब व ९.३ सेंटिमीटर रुंद झाली. किनवटचा परिसर सागवानासाठीं प्रसिद्ध आहे, आणि सुताराच्या कारखान्यांतील जुन्या दारचौकटींचे तुकडे आमच्या कामास पुरले. जुनें सागवान वाळून स्थिर झालेलें असतें; नव्या लांकडाप्रमाणें तें मागाहून पिळवटत नाहीं.

पातळ फळ्या एकीवर एक सरसानें बसवून प्रथम ठोकळा केला. नंतर पुठ्ठ्याचे आडवे छेद कापून, दर पांच सेंटिमीटरांवर ते लावून पाहत, पटाशीनें व कानशीनें पोट उतरविलें. पाणबुडीच्या पोटाचें रहस्य असें कीं, आंत हवाबंद नळकांडें व त्याभोवतीं पाण्याच्या टाक्या असतात, व त्यावर बाहेरचें हलकें कवच असतें. या बाहेरच्या कवचाच्या वरच्या भागांत पाणी शिरावयास व निथळावयास छिद्रांच्या लांबच लांब रांगा ठेवलेल्या असतात. पाणबुडी वर येतांना त्यांतून पाणी धबधबां गळतें. या रांगा नुसत्या रंगानें काढल्या तर नमुना मुका दिसतो. म्हणून आम्हीं त्या सुईच्या पोगराने एकेक कोरल्या. या एकाच कामास सर्वांत अधिक दिवस लागले.

तोफेचें मान काढणें सोपें आहे. नळी व्यासाच्या चाळीसपट लांब, म्हणजे १४ गुणिलें ४०, अर्थात् ५.६ मीटर. प्रतिकृतींत ५.६ सेंटिमीटर. त्यास लेखणीची रिकामी पितळी रिफील बरोबर जमली. दूरदर्शक नळ्यांस सायकलीच्या तारा व कठड्यांस जळलेल्या पाणीपंपाच्या मोटारीची तांब्याची तार वापरली. विमानाच्या पंखांचा पसारा ११ मीटर, म्हणजे पाणबुडीच्या रुंदीहूनहि अधिक. यावरून तें सुटें करूनच कोठींत ठेवावें लागे हें नमुना हातीं घेतां क्षणींच कळतें. हा नमुन्याचा खरा उपयोग आहे. जें वाचून दहा वेळां ध्यानांत येत नाहीं, तें बोटांस एकदांच समजतें.

४. कालनिर्णय

पाणबुडी ही एक वस्तु असली तरी तिचें रूप एक नसतें. लोरियाँ येथें जर्मनांनीं इ-२९ च्या विमानविरोधी तोफांत फेरफार केला. नेताजींच्या वेळची पाणबुडी करावयाची, तर १९४४ च्या या तोफा प्रक्षिप्त म्हणून गाळल्याच पाहिजेत. सबब कोणत्या दिवसाची प्रतिकृति, हें आधीं ठरवावें लागतें. आणि तें ठरविण्यासाठीं आम्हीं पाणबुडीची लहानशी शकावली तयार केली. ती अशी :

२७ फेब्रुवारी १९४२ — आरमारांत दाखल.
२३ मे १९४२ — तिच्या विमानाची ऑस्ट्रेलियांतील सिडनी बंदरावर टेहळणी.
२३ नोव्हेंबर १९४२ — ‘तिलावा’ आगबोट बुडविली.
२८ एप्रिल १९४३ — नेताजी व आबिद हसन पाणबुडीवर आले.
११ मार्च १९४४ — लोरियाँ येथें आगमन.
२६ जुलै १९४४ — लुझोनच्या उत्तरेस अमेरिकन पाणबुडी ‘सॉफिश’च्या पाणतीरांनीं बुडाली, एकच इसम वांचला.

या शकावलींतील तिसऱ्या नोंदीपाशीं आम्ही थांबलों. ‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची दहा हजार टनांची आगबोट. ता. २० नोव्हेंबर १९४२ रोजीं ती मुंबईहून मोंबासा व डर्बनकडे निघाली. तिजवर ७३२ उतारू, २२२ खलाशी व ४ गोलंदाज मिळून ९५८ माणसें होतीं. उतारू बहुसंख्य भारतीय; दिवाळी आपल्या घरीं करून पोटापाण्यासाठीं पुन्हां आफ्रिकेंत जाणारे, व कित्येकांच्या समवेत बायकामुलें. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, रात्रींच्या वेळीं, भर समुद्रांत पहिला पाणतीर लागला. लोक होड्यांत उतरले. जहाज तरंगत आहे असें पाहून कांहीं जण परत चढले, आणि मग दुसरा पाणतीर आला. २८० जीव गेले. उरलेल्या ६७८ जणांस दोन दिवसांनंतर ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश क्रूझर व ‘कार्थेज’ ही आगबोट यांनीं उचलून मुंबईस परत आणलें. जहाजावर सुमारें ६० टन चांदीहि होती. तिच्या २,३६४ लगडी २०१७ सालीं समुद्रतळांतून काढण्यांत आल्या, व त्यांवरील वाद विलायतेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ सालीं त्याचा निकाल लागला. चांदीची मोजदाद अशी एकेका लगडीपर्यंत झाली आहे.

हा पाणतीर सोडणारी पाणबुडी इ-२९, आणि तिचा कप्तान इझु. पांच महिन्यांनीं ज्यानें नेताजींचें आपल्या जहाजावर स्वागत केलें तोच हा इझु. पोट तेंच, नळ्या त्याच, मनोरा तोच. आमच्या शंभरांश नमुन्यांत नोव्हेंबर १९४२ व एप्रिल १९४३ यांत दाखविण्याजोगा कोणताहि फरक नाहीं.

५. लेखपट्टी

प्रतिकृति तयार झाल्यावर ती एका शाळेच्या प्रदर्शनांत ठेवावी असें ठरलें, व ‘नेताजींची पाणबुडी’ एवढेंच लिहावें अशी सूचना आली. सूचना करणारे सद्भावनेचेच होते. मुलांच्या मनांत जो आदर आहे त्यावर कशाला शिंतोडा उडवावा, असें त्यांचें म्हणणें. उलट पक्षीं एका वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें कीं, ज्या पाणबुडीनें आपलीं माणसें बुडविलीं तिचा नमुना करूंच नये.

आमच्या मतें दोन्ही पक्ष एकाच चुकीचे वांटेकरी आहेत. जुन्या घराण्याच्या दप्तरांतून वंशजांस न रुचणारे बंद काढून टाकलेले आम्हीं पाहिले आहेत. त्या जागीं राहिलेला खंड पुढें शंभर वर्षें संशोधकांस छळतो. काढणाऱ्याचा हेतु बहुधा पूर्वजांचा मान राखण्याचाच असतो. परंतु बंद गेला कीं उरलेल्या कागदांचीहि किंमत घटते. नेताजींनीं ७८ दिवस जर्मन पाणबुडींत काढले व खवळलेल्या समुद्रांत तराफ्यावर पाय ठेवला, हें साहस कोणत्याहि नोंदीनें उणें होत नाहीं. परक्या राष्ट्रांच्या युद्धांतून स्वदेशाचें स्वातंत्र्य साधूं पाहणाऱ्यास वाटेंत जीं वाहनें मिळालीं तीं निष्कलंक नव्हतीं, एवढेंच त्यावरून दिसतें. आणि तें दिसल्यावांचून त्या साहसाचें खरें मोलहि कळत नाहीं. दुसरीकडे, तिलावावरील २८० जणांचें तर या बाजूस नांवहि कोणास ठाऊक नाहीं. त्यांची ओळ गाळली, तर ते दुसऱ्यांदा बुडाले असें होईल.

सबब लेखपट्टीवर पुढील मजकूर घातला : ‘जपानी पाणबुडी इ-२९, मान एकास शंभर, रूप एप्रिल १९४३ चें. हिनें ता. २३ नोव्हेंबर १९४२ रोजीं मुंबईहून निघालेली तिलावा आगबोट बुडविली; २८० मृत. हिजवर ता. २८ एप्रिल १९४३ रोजीं नेताजी सुभाषचंद्र बोस व आबिद हसन आले. ही ता. २६ जुलै १९४४ रोजीं बुडाली, एक वांचला.’ प्रदर्शनांत मुलांनीं सर्वांत अधिक प्रश्न विचारले ते तिलावाविषयींच, व त्यामुळें नेताजींविषयींचा त्यांचा आदर कमी झालेला आम्हांस आढळला नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. तिलावाच्या उतारूंचीं तिकिटें, मुंबईस परत आल्यावर त्यांनीं घरीं धाडलेलीं पत्रें, विमा वा नुकसानभरपाईचे अर्ज असे कागद कोंकणांत, गुजरातेंत व मुंबईंतील जुन्या पेढ्यांच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं. असे कागद बहुधा रद्दींत जातात, कारण त्यांवर शिक्का नसतो, मोडी अक्षर नसतें, व बाजारांत त्यांस भाव नसतो. ज्यांच्या पाहण्यांत ते येतील त्यांनीं निदान नक्कल करून ती मंडळाच्या दप्तरीं पाठवावी. चांदीच्या लगडींची यादी झाली, तशी माणसांचीहि व्हावी. इत्यलम्.