बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे वृद्ध पालक

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलामुलींचा घरी सांभाळ करणारे वृद्ध पालक हा समाजकार्य, वृद्धत्वशास्त्र आणि दिव्यांगविषयक कायदा यांतील अभ्यासविषय आहे. सर्वसाधारण कुटुंबात अपत्य स्वावलंबी झाल्यावर पालकांची जबाबदारी ओसरते. येथे मात्र स्नान, भोजन, औषधोपचार व आर्थिक व्यवहार यांतील साहाय्य त्यांना उतारवयातही करावे लागते. आपल्या पश्चात अपत्याचा सांभाळ कोण करील, ही त्यांची प्रमुख चिंता असते.

पार्श्वभूमी

वैद्यकीय प्रगतीमुळे या व्यक्तींचे आयुर्मान वाढले आहे. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान १९८३ च्या सुमारास २५ वर्षे होते. ते पुढे सुमारे ६० वर्षांपर्यंत वाढले. त्यामुळे अपत्य पालकांच्या मागे राहण्याची शक्यता वाढली. डाऊन सिंड्रोममध्ये अल्झायमरचा विकार तुलनेने लवकर उद्भवतो. परिणामी पालक आणि अपत्य दोघांनाही एकाच काळात आधाराची गरज भासू शकते.

कायदेशीर पालकत्व

भारतात अपत्याला १८ वर्षे पूर्ण होताच आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्यापुढे बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये पालक नेमता येतो. यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. आईवडील आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव सुचवू शकतात. पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी आहे, याचा समिती विचार करते. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व पुढे दरवर्षी हिशेब सादर करणे बंधनकारक असते. उपेक्षा किंवा अपहार सिद्ध झाल्यास त्याला दूर करता येते.

आर्थिक तरतूद व निवास

मृत्युपत्र किंवा न्यास करून अपत्यासाठी मालमत्तेची व्यवस्था लावता येते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला अटींच्या अधीन राहून आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण आहे. महाराष्ट्रात बदलापूर येथील 'आधार' ही पालकांच्या पुढाकारातून उभी राहिलेली निवासी संस्था प्रौढांसाठी कार्य करते.

पालकत्वाची नेमणूक झाली तरी दैनंदिन सांभाळाची व्यवस्था आपोआप होत नाही; पुष्कळदा तो भार भावंडांवर येतो. त्यामुळे भावंडांशी विचारविनिमय, नव्या निवासाची टप्प्याटप्प्याने सवय आणि अपत्याच्या सवयी व औषधांची लेखी नोंद ही कामे पालकांच्या हयातीतच होणे आवश्यक ठरते.