टरफलांचा कोळसा

लाकडाच्या कोळशाला मराठीत अजूनही 'लोणारी कोळसा' म्हणतात. लोणारी म्हणजे मुळात मिठाचा धंदा करणारा. चुना आणि कोळसा भाजायचे कामही याच समाजाकडे आले. लाकडे रचायची, मातीने लिंपायची, पेटवायची, पण जळू द्यायची नाहीत. करवंट्या, शेंगांची टरफले, भाताचे तूस यांच्यापासून पाण्यातले शिसे नि कॅडमियम धरणारा कोळसा करतात, त्याचे कूळ या कोंडलेल्या विस्तवात आहे.

मात्र भट्टीतून निघालेला कोळसा धातू फारसा धरत नाही. त्याचे पहिले कसब रंग धरण्याचे. सेंट पीटर्सबर्गमधला औषधविक्रेता योहान टोबियास लोविट्झ टार्टारिक आम्लाचे स्फटिक काढी. उकळताना द्रावण तपकिरी पडे. १७८५ मध्ये त्याला दिसले, की कोळशाची पूड घातल्यावर ते निवळते. पुढे साखर शुद्ध करणाऱ्यांनी ही युक्ती उचलली. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. त्यात रंग कोळशात मुरत नाही, त्याच्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतो. तेव्हा भिंती जितक्या जास्त, तितका कोळसा गुणी. विसाव्या शतकाच्या तोंडावर राफाएल फॉन ऑस्ट्रेयकोने त्या वाढवण्याचे दोन मार्ग पेटंटांत नोंदवले: तापल्या कोळशावर वाफ सोडणे, किंवा कच्चा माल क्षारात, म्हणजे झिंक क्लोराइडसारख्यात, भिजवून मग भाजणे. अशा कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर पृष्ठभाग मावू शकतो.

पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला. त्याचे रेणू लहान, म्हणून छिद्रेही बारीक हवीत, आणि ती टणक कवचाच्या कोळशात मिळतात. अमेरिकेत वायू अडवणाऱ्या मुखवट्यांतल्या कोळशासाठी पीचच्या कोया, अक्रोडाची कवचे, करवंट्या लोकांकडून गोळा केल्या गेल्या.

धातूंनी मात्र वेगळीच मागणी केली. पाण्यात विरघळलेले शिसे किंवा पारा विद्युतभारित असतो. नुसती बारीक छिद्रे त्याला पुरत नाहीत. भिंतीवर ऑक्सिजन असलेली, आम्लधर्मी टोके लागतात. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नामशिवायम आणि के. पेरियासामी यांनी ती शेंगांच्या टरफलांवर बसवली, आणि या सगळ्या कुळकथेत मला सर्वांत जवळचे वाटते ते हेच काम. त्यांनी भट्टी पेटवलीच नाही. टरफले तीव्र सल्फ्युरिक आम्लाने काळी केली, ओव्हनमध्ये ठेवली, धुतली आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवली. सोड्यातला सोडियम त्या टोकांवर जाऊन बसतो. धातू आला की त्याला जागा देऊन पाण्यात निघून जातो. १९९३ मध्ये पाऱ्यावरचा त्यांचा शोधनिबंध आला. तुलनेला घेतलेल्या बाजारी दाणेदार कोळशापेक्षा हा टरफली कोळसा कितीतरी पट सरस ठरला होता. मग कॅडमियम, तांबे, निकेल यांवरचे काम आले.

पाणी फार आंबट असले तर हा कोळसा कॅडमियम धरत नाही, कारण हायड्रोजन आधीच जागा अडवतो. पण याच खोडीचा उपयोगही होतो: भरलेला कोळसा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतला, की कॅडमियम सुटून हाती येते आणि कोळसा पुन्हा कामाला लागतो. पारा इतका सहज सोडत नाही. लोणारी कोळशाची अखेर शेगडीत होई. पाऱ्याने भरलेला हा कोळसा शेगडीत घातला, तर तोच पारा धुरावाटे घरात येईल.