झरीचा पत्ता

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. वेठबिगार यापुढे करायची नाही आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी मुक्त झाले पाहिजेत, हा त्या लढ्याचा गाभा होता. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथामुळे ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांसह या उठावावर एक छोटे संकेतस्थळ तयार केले. पुढे तलासरीच्याच एका विद्यार्थ्याने शोधयंत्रात 'तलासरी उठाव' हे शब्द दिले, तेव्हा आमचे पान कोठेच आले नाही. चूक आमचीच होती. तिचा माग काढताना ध्यानात आले की, हा प्रश्न तंत्राचा आहे त्याहून अधिक भाषेचा व इतिहासलेखनाचा आहे.

शोधयंत्र म्हणजे ग्रंथाच्या शेवटी दिलेली अवाढव्य शब्दसूची होय. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची नोंद यंत्र आधीच करून ठेवते. १९९८ साली सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी मांडलेल्या पद्धतीत इतर पानांकडून येणाऱ्या दुव्यांनाही साक्षीचे मोल आले. परंतु सूचीत जाण्यासाठी शब्द मुळात यंत्राला वाचता आला पाहिजे.

आमचा मजकूर जुन्या टंकात होता. युनिकोड १९९१ मध्ये आले, तरी मराठी छपाई व संगणक दीर्घकाळ अशा टंकांवर चालले, ज्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवलेली असे. डोळ्यांना 'झरी' दिसे. यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे दिसत. काही पाने तर छायाचित्रेच होती. म्हणजे मजकूर होता, पण सूचीपुरता तो अस्तित्वातच नव्हता.

टंक बदलल्यावर दुसरी अडचण पुढे आली. १९४५ साली झरी हे ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात होते. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले, झरीचा भाग महाराष्ट्रात राहून तलासरीत आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आम्ही कागदपत्रांना प्रमाण मानून 'उंबरगाव' एवढेच लिहिले होते. आजचा विद्यार्थी 'तलासरी' शोधतो. इतिहासकाराने जुने नाव जपावे हे खरेच. पण आजचे नाव शेजारी न लिहिणे म्हणजे दार बंद ठेवणे होय.

तिसरी अडचण व्याकरणाची. 'वारली' हा शब्द सामान्यरूपात 'वारल्यांनी', 'वारल्यांचा' असा होतो. केवळ अक्षरे ताडून पाहणाऱ्या यंत्रास हे निराळे शब्द वाटतात. 'शेतकऱ्यांचा' यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दिसायला एक, संकेत दोन. गंजाडचे थोर वारली चित्रकार, २०११ चे पद्मश्री, यांचे आडनावही कोणी म्हसे लिहितो, कोणी मशे.

मग आम्ही परिषद, गोळीबार आणि ग्रंथ यांना स्वतंत्र पाने दिली. शीर्षकात गाव, साल व विषय आणला. मूळ रूपातील शब्द निदान एकदा तरी येईल असे पाहिले. छायाचित्राखाली त्यात काय आहे ते शब्दांत लिहिले. 'येथे टिचकी मारा' या दुव्याऐवजी 'झरीची परिषद, १९४५' असे लिहिले. शब्दांची निष्कारण पुनरुक्ती मात्र कटाक्षाने टाळली. यंत्रासाठी लिहिलेले गद्य माणूस वाचत नाही.

वारली हा शब्द आज जगभर चित्रांमुळे ओळखला जातो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या मुलाच्या पणजोबांनी झरीत हात वर केला असेल, त्याला 'तलासरी' शोधल्यावर तो हात दिसू नये, हे योग्य नव्हे. ग्रंथालयात चुकीच्या कपाटात ठेवलेला ग्रंथ हरवल्यासारखाच असतो, हे आम्हां शिक्षकांना ठाऊक होते. संकेतस्थळालाही तोच नियम लागू आहे, हे कळायला आम्हांला वेळ लागला.